ठाणे मोहिमेपासून आजपर्यंत: शिपायाच्या अंगावर नेमकं काय काय असायचं?

कळवा_सार्वजनिक

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गणपतीत यंदा चलचित्र नाही. त्याऐवजी शिपायांचे पाच उभे पुतळे करायचे ठरलंय. कळव्याहून पूल ओलांडला की ठाण्याचा किल्ला लागतो. आता तिथे कारागृह आहे, त्यामुळे आत शिरायचा प्रश्नच नाही. पण सुरुवात तिथूनच करायची आहे.

पहिला पुतळा १७३७ चा, चिमाजी आप्पांच्या मोहिमेतला मराठा प्यादा. दुसरा १८०३ चा ईस्ट इंडिया कंपनीचा शिपाई, तिसरा १९१४ चा मराठा पलटणीतला, चौथा १९४४ चा इटलीतला, पाचवा आजचा जवान.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रत्येकाच्या अंगावर कुठे काय लटकवायचं? कुठल्या चुका सर्रास होतात? आणि पुतळ्याशेजारी मुलांना उचलून बघायला वजनाच्या पिशव्या ठेवायच्या आहेत, तर त्या किती किलोच्या? धार असलेलं, दारूगोळ्याचं खरं काहीही मंडपात येणार नाही, सगळ्या प्रतिकृतीच.

---

शिलेखाना

पहिल्या पुतळ्यावर चिलखत चढवायचं ठरवलं असेल तर ते आधी उतरवा. सर्वांत मोठी चूक तीच. मुंबईत शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं चिलखत आणि ढाल आहे. ते बघून वाटतं की जो तो असाच नटून लढायला जात होता. संग्रहालयात टिकतं ते बादशहाचं आणि सरदाराचं. प्याद्याचा कापसाने भरलेला डगला झिजला की त्याची गोधडी व्हायची, तो कोण जपून ठेवणार? लोखंडी कड्यांचं चिलखत महाग होतं, आठ-दहा किलो भरायचं, आणि कोकणातल्या दमट हवेत ते गंजापासून राखायला वेगळा माणूस लागायचा. डोंगर चढणाऱ्या, खाडी ओलांडणाऱ्या प्याद्याला ते घेऊन करायचं काय?

त्याला द्या मुंडासं, आखूड अंगरखा किंवा बाराबंदी, गुडघ्यापर्यंतचा चोळणा आणि कमरेला घट्ट आवळलेला शेला. पायात वहाणा, नाहीतर अनवाणी. तपकिरी बूट नकोत. शेल्याला नुसती शोभेची पट्टी समजू नका. पट्टा, खिसा, कंबर आवळायचं फडकं आणि वेळ पडली तर जखमेवरचं बांधण, अशी सगळी कामं तोच करतो. कट्यार त्यातच खोचलेली दाखवा.

आता ढाल, कारण लोक तिची फक्त पुढची बाजू करतात. गेंड्याच्या नाहीतर म्हशीच्या कातड्याची, ४५ ते ६० सेंटीमीटर व्यासाची, कडेला किंचित बाहेर वळलेली, वर लाखेचा रोगण. पुढे चार फुल्या, म्हणजे धातूच्या फुगीर टिकल्या दिसतात. त्या नक्षीसाठी नाहीत. मागच्या बाजूला चार कड्या बसवलेल्या असतात आणि त्यांचे खिळे पुढे येऊन या फुल्यांखाली दडतात. कड्यांतून दोन कातडी मुठी जातात, त्या एकत्र धरायच्या. मुठींखाली चौकोनी गादी असते. ती नसली तर ढालीवर बसलेला प्रत्येक घाव थेट बोटांच्या पेरांवर येतो. पुतळ्याची ढाल पाठीवर टाकणार असाल तर मागची बाजू दिसणार नाही, तरी गादी कराच. मुलं उलटून बघतात.

तलवारीची मूठ हा दुसरा घोळ. आपल्याकडच्या मुठीत हात मावायची जागा जेमतेम चार बोटांची असते आणि मागे चपटी वाटी. मनगट त्या वाटीला अडतं, म्हणून हा हात खांद्यातून चालतो. बाजारातल्या फायबरच्या पुतळ्यांचे हात जाडजूड, त्यात ही मूठ बसत नाही. मग कारागीर मूठ लांब करतो आणि तलवार नाटकातली दिसायला लागते. मूठ तशीच ठेवा, पुतळ्याचा हात तासून घ्या. पातं सरळ हवं असेल तर 'फिरंग' करा, म्हणजे पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. पोर्तुगीज मुलखाच्या सीमेवरच्या माणसाच्या हातात ती शोभते. वजन सव्वा किलोपर्यंत.

बंदूक द्यायची असेल तर तोड्याची द्या. लांबी पाच-साडेपाच फूट, वजन चार ते पाच किलो. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला सुती दोर. तो ज्योत न धरता नुसता धुमसत राहतो, तासाला साधारण वीतभर. म्हणजे दिवसभराच्या पहाऱ्याला कित्येक हात दोर लागतो. त्याचं भेंडोळं मनगटाला किंवा बंदुकीच्या दांड्याला गुंडाळलेलं दाखवा, बहुतेक जण तेच विसरतात. कमरेला दोन शिंगं हवीत. मोठ्यात नळीत घालायची दारू, लहानात रंजकाची, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू. शिवाय शिशाच्या गोळ्यांची पिशवी. मिनिटाला एक बार निघाला तरी खूप झालं. रात्री तोड्याचा लाल ठिपका लांबून दिसतो, पावसात विझतो, आणि पेटता तोडा नि उघडं शिंग एकाच हातात असलं की अपघात ठरलेला.

पाण्याची बाटली देऊ नका. लोटा आणि दोरी चालेल. शिवकाळात पागेतल्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पखालीतून पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा) नेमलेला असायचा. म्हणजे पाणी आणि दुरुस्ती माणसाच्या अंगावर नसून लष्कराच्या अंगावर होती. सामानाचा इतिहास बघताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवा. वस्तू शतकानुशतकं असतेच, फक्त ती कधी बैलाच्या पाठीवर असते, कधी शिपायाच्या.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

@शिलेखाना, पण मग पाच मावळे उभे केले तर सगळे एकसारखे दिसायचे की नाही? गणवेश होता का?

---

शिलेखाना

नव्हता. पाच मावळे एकाच रंगाच्या पगडीत आणि एकाच मापाच्या ढालीसह उभे दिसले की तो देखावा चुकला. शिलेदार घोडा आणि हत्यारं स्वतःची आणायचा, बारगिराला ती सरकारातून मिळायची. प्याद्यांतही घरचं हत्यार चालायचं. एकाची ढाल आजोबांची, दुसऱ्याची लुटीतली. एकसारखेपणा आला कवायती पलटणींबरोबर, म्हणजे तुमच्या दुसऱ्या पुतळ्यापासून.

---

तोसदान

मग दुसऱ्या पुतळ्याचं मी सांगतो.

१८०३ निवडलंत ते चांगलं केलंत. कंपनी आणि मराठे यांच्यातली असईची लढाई त्याच वर्षी २३ सप्टेंबरला झाली, आणि तिथे समोरासमोर आलेल्या पायदळांचं सामान जवळजवळ एकच होतं. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइन या युरोपीय अधिकाऱ्याकडून कवायती कंपू, म्हणजे पलटणी उभ्या करून घेतल्या होत्या. त्यांच्याकडेही चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुका आणि संगिनी होत्या. तेव्हा 'इंग्रजांकडे बंदूक, आपल्याकडे तलवार' असा फलक लावू नका.

कंपनीच्या शिपायाला लाल आखूड कोट, डोक्यावर पगडीसारखं टणक शिरोवेष्टन, खाली मांडीपर्यंतचा पांढरा जांगिया आणि पायात वहाणा. हो, वर विलायती कोट आणि खाली उघडे पाय. त्या काळच्या चित्रांत शिपाई असाच दिसतो. लांब विजार आणि बूट त्याच्या अंगावर पुढे आले. छातीवर पांढऱ्या कातडी पट्ट्यांची फुली. एका पट्ट्यावर उजव्या कुल्ह्याशी तोसदान, म्हणजे काडतुसांची पेटी, दुसऱ्यावर डाव्या कुल्ह्याशी संगीन. बाजू उलटी केलीत तर तो बंदूक भरूच शकणार नाही, कारण काडतूस उजव्या हाताने काढायचं असतं.

बंदूक 'ब्राऊन बेस', तिचा इंडिया पॅटर्न. नळी ३९ इंच. आधीच्या नमुन्यांत ती ४६ आणि ४२ इंच होती. कंपनीने आखूड आणि स्वस्त करून घेतलेला हा नमुना पुढे ब्रिटिश लष्करानेच उचलला. नळीचं तोंड पाऊण इंचाचं, गोळी त्याहून बारीक, ०.६९ इंचाची. ही फट मुद्दाम ठेवलेली. काळ्या दारूचा चिकट काजळा आत साचतो, गोळी नेमक्या मापाची असेल तर दहा-पंधरा बारांनंतर ती खाली उतरेना. फट ठेवली की भरणं झपाट्याने होतं, पण गोळी नळीत आपटत बाहेर पडते आणि शंभर यार्डांपुढे नेम म्हणजे नशीब. म्हणून रांगेने एकदम बार काढायची कवायत.

भरायचा क्रम फलकावर लिहा, मुलांना आवडतो. बंदुकीचा घोडा (गारगोटी धरलेली हातोडी) अर्ध्यावर ओढायचा. तोसदानातून कागदी काडतूस काढायचं, टोक दातांनी तोडायचं. चिमूटभर दारू रंजकाच्या वाटीत टाकून झाकण लावायचं. दस्ता जमिनीवर टेकवायचा, उरलेली दारू नळीत ओतायची, मागोमाग गोळी कागदासकट. गज काढून ठासायचं, गज परत जागेवर. घोडा पूर्ण मागे, नेम, चाप. हे सगळं मिनिटाला तीनदा. घाईत ठरलेली चूक म्हणजे गज नळीतच विसरणं. तो गोळीबरोबर उडून जातो, आणि मग हातात राहते ती संगीन लावलेली काठी.

तोसदानात काड्यापेटीसारखी काडतुसं रचलेली नसतात. आत भोकं पाडलेला लाकडी ठोकळा असतो, एका भोकात एक. ती नुसती पिशवीत टाकली तर कूच करताना कागद घासून फाटतो आणि तळाला दारूचा भुगा जमतो. तोसदानाचं झाकण खालपर्यंत लोंबतं ते पाऊस आणि ठिणगी अडवायला. छातीच्या पट्ट्याला बारीक साखळीने एक तार आणि छोटा कुंचा लटकवा. तार नळीच्या कानातला (ठिणगी आत जायच्या भोकातला) काजळा टोचून काढायला, कुंचा रंजकाची वाटी झाडायला. वस्तू एवढीशी, पण तिच्याशिवाय बंदूक दगड. गारगोटी वीस-तीस बारांत बोथट होते, म्हणून जादा दोन-तीन जवळ हव्यातच.

आणि हो, काडतूस दाताने तोडायची ही सवय म्हणजेच १८५७. तेव्हाची बंदूक नवी होती, १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड, नळीला आतून आटे पाडलेले, ०.५७७ इंची. गोळी नळीत सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबीचा हात दिलेला. तोंडात नळी जात नव्हती, चरबी लावलेला कागद जात होता. १८५७ मध्ये हाताने फाडायची कवायत काढली, तोवर विश्वास गेला होता.

---

खाकी_आणि_पट्टी

तिसरा आणि चौथा माझ्याकडे.

१९१४ च्या पुतळ्याला लोखंडी टोप घालू नका. ब्रिटिशांचा तो ताटलीसारखा टोप १९१५ च्या अखेरीला निघाला आणि १९१६ मध्ये सर्रास झाला. आधी साध्या पोलादाचा, मग मँगेनीज मिसळलेल्या पोलादाचा. तोही गोळी अडवण्यासाठी नव्हताच. खंदकाच्या वर फुटणाऱ्या तोफगोळ्यातले छर्रे डोक्यावर पडायचे, त्यासाठी तो वरून रुंद. शिलेखान्यांनी चिलखत काढायला सांगितलं, ते दोनशे वर्षांनी असं डोक्यापासून परत यायला लागलं. मेसोपोटेमियात नोव्हेंबर १९१४ ला उतरलेल्या फौजेतल्या मराठा शिपायाच्या डोक्यावर कापडच दाखवा.

अंगावर खाकी. ही लाटही इथलीच. १८४६ मध्ये पेशावरकडे उभ्या केलेल्या गाइड्स पलटणीत लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने मातकट रंगाचे कपडे आणले. साहेबांच्या देशातल्या फौजेला लाल कोट सोडायला आणखी पन्नासेक वर्षं लागली. पायांच्या 'पुट्टी'चं नावही आपल्या पट्टीवरूनच गेलंय.

पट्टी गुंडाळायची रीत नीट बघा. पायदळाची घोट्यापासून वर, शेवट गुडघ्याखाली. घोडदळाची उलटी, वरून खाली. लोकरी कापड, रुंदी चार इंच, एका पायाला सुमारे नऊ फूट. सैल बांधली तर दहा पावलांत घोट्यावर लोळते. घट्ट बांधली आणि भिजली तर लोकर आटते आणि रक्त अडवते. फ्रान्सच्या चिखलात पाय सडण्याच्या कारणांत पाणी आणि थंडी तर होतीच, पण ही आवळलेली पट्टीही होती.

खांद्यावरून आडवा चामडी काडतूसपट्टा द्या, पाच खिसे, प्रत्येकात दहा, एकूण ५०. कमरेच्या पट्ट्यावर आणखी कप्पे. जुन्या फोटोंत भारतीय पलटणींकडे हे १९०३ च्या नमुन्याचं चामड्याचं सामान बरंच दिसतं. त्या वेळी गोऱ्या पलटणींकडे १९०८ चं विणलेल्या कापडी पट्ट्यांचं सामान आलं होतं. फरक दिसण्यापुरता नाही. आडव्या चामडी पट्ट्यात सगळं ओझं एका खांद्यावर येतं आणि काडतुसं संपत गेली की पट्टा डोलायला लागतो. १९०८ च्या सामानात दोन्हीकडे पाच-पाच खिसे, प्रत्येकात १५, एकूण १५०. खांद्याचे पट्टे, कंबरपट्टा आणि पाठीची पिशवी एकाच जाळ्यात अडकवलेली, म्हणून पुढची काडतुसं आणि मागची पिशवी एकमेकांना तोलतात. ते सगळं कोटासारखं एका झटक्यात काढता-घालता यायचं. चामडं ओलं झालं की ताणतं, वाळलं की आखडतं आणि तडकतं. कापडाला तो त्रास कमी.

रायफल ली-एनफिल्ड, .३०३, पेटीत दहा गोळ्या, पाच-पाचच्या क्लिपने वरून भरायच्या. वजन चार किलोच्या आसपास, संगिनीचं पातं १७ इंच.

१९४४ मध्ये कंबरेवरची छोटी खिसेमाळ जाते आणि छातीखाली दोन मोठे चौकोनी पाउच येतात. १९३७ च्या नमुन्याचे हे पाउच पलटणीतल्या ब्रेन मशीनगनच्या मॅगझिनच्या मापाने शिवलेले आहेत. म्हणजे रायफलवाल्यानेही आपल्या अंगावर दुसऱ्याच्या बंदुकीच्या गोळ्या वाहायच्या. सगळं ओझं एका बंदुकीभोवती फिरायला लागलं ते इथून. ब्रेनचं मॅगझिन ३० चं, पण भरायचे २८. कारण .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बंदूक गप्प. ठासून ३० भरले की स्प्रिंगवर ताण येतो तो वेगळाच.

इटलीच म्हणताय तर नाईक यशवंत घाडगे यांच्यावर पुतळा बेता. माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. सेक्शनमधले बाकीचे सगळे पडल्यावर ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, एकाला टॉमी गनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा नळी धरून तिच्याच दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांना पुतळ्यात टॉमी गन द्या, ली-एनफिल्ड नको. सेक्शन कमांडरचं हत्यार तेच.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

म्हणजे ओझं वाढतच गेलं म्हणायचं. १७३७ वाला मोकळा होता आणि आजचा हमाल झालाय.

---

तोसदान

अर्धंच खरं. फक्त गोळ्यांचं वजन करून बघा.

ब्राऊन बेसची गोळी सुमारे ३२ ग्रॅम, दारू दहाच्या आसपास. साठ काडतुसं म्हणजे अडीच किलो. .३०३ चं काडतूस २५ ग्रॅमचं, शंभर नग अडीच किलो. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलचं ५.५६ मिलिमीटरचं १२ ग्रॅम, दोनशे नग जवळजवळ अडीच किलो. नव्या एके-२०३ रायफलचं १६-१७ ग्रॅम, दीडशे नग पुन्हा अडीच. आणि २०१९ मध्ये ७२,४०० सिग रायफलींचा करार झाला, त्यांचं ७.६२×५१ चं काडतूस २४ ग्रॅमचं, म्हणजे परत शंभरावर. दोनशे वर्षं अडीच किलोचीच पुरचुंडी, आतला आकडा बदलतोय. (मॅगझिनचं रिकामं वजन यात धरलेलं नाही.)

बंदुकीचंही तेच. तोड्याची चार-पाच किलो, ब्राऊन बेस सव्वाचारच्या आसपास, ली-एनफिल्ड चार, इन्सास चारच्या थोडी वर, एके-२०३ चारच्या आत. माणसाच्या खांद्याला आणि हाताला झेपेल तेवढंच करायचं, हे मोजमाप कुठल्याच कारखान्याला बदलता आलं नाही.

एकूण ओझंही फार जुनं आहे. रोमन रंगरुटाने ६० रोमन पौंड, म्हणजे जवळपास २० किलो घेऊन चालायची सवय करावी असं रोमन लेखक वेगेशियसने लिहून ठेवलंय. १९०८ च्या सामानासकट ब्रिटिश पायदळाचा शिपाई २७-२८ किलोवर जायचा. २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी पायदळाची मोजदाद झाली, तेव्हा प्रत्यक्ष लढतानाचं सरासरी ओझं ६३ पौंड भरलं, म्हणजे साडेअठ्ठावीस किलो. पाठीवरच्या पिशवीसकट कूच करताना १०१ पौंड, ४६ किलो. या वाढीतला मोठा वाटा रायफलचा नाहीच. तो चिलखताचा, बॅटऱ्यांचा आणि पाण्याचा. १७३७ मध्ये पखालजीच्या बैलावर होतं ते पाणी आता जवानाच्या पाठीवर आलं.

---

प्लेट_लेव्हल_सहा

आजच्या पुतळ्यातली नेहमीची चूक आधी सांगतो, कारण ती घातकही असते. बुलेटप्रूफ जॅकेट पोटावर लोंबतं ठेवतात, स्वयंपाकाच्या एप्रनसारखं. आतल्या कडक पाटीची वरची कड गळ्याच्या खालच्या खळग्यापाशी यायला हवी. पाटीचं काम हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या झाकणं हे आहे. पोटात लागलेल्याला काही वेळ मिळतो, छातीत लागलेल्याला मिळत नाही. पट्टे आवळून पाटी वर घ्या.

ही पाटी काय असते? पुढे सिरॅमिक, बरेचदा बोरॉन कार्बाइड, आणि मागे पॉलिथिलीनच्या किंवा अॅरामिडच्या (केव्हलरसारख्या) धाग्यांचे दाबून बसवलेले थर. सिरॅमिक गोळीपेक्षा कठीण. गोळीचं टोक त्यावर फुटतं, चुरा होतो, आणि तो चुरा मागचे थर जाळ्यासारखे झेलतात. एकट्याने दोघांतलं कुणीच पुरत नाही. नुसत्या धाग्यांतून रायफलची पोलादी गाभ्याची गोळी आरपार जाते, नुसतं सिरॅमिक फुटून अंगात घुसतं. पोलाद का नको? बोरॉन कार्बाइडची घनता अडीच, पोलादाची पावणेआठ. शिवाय पोलादावर आपटलेल्या गोळीच्या चिरफळ्या बाजूला उडतात, त्या हनुवटीत आणि दंडात.

सिरॅमिकचा दोषही तोच, कठीण म्हणून ठिसूळ. पाटी ट्रकमधून खाली टाकली, जॅकेट आपटलं, तर आत केसासारखी चीर पडते आणि वरून कापड धडधाकट दिसतं. म्हणून ती क्ष-किरणांखाली तपासतात. एकाच जागी दुसरी गोळी बसली तर पहिल्यासारखी अडेलच असं नाही. आपल्याकडे यासाठी आयएस १७०५१:२०१८ हे मानक आहे. २०१८ मध्येच लष्करासाठी १.८६ लाख जॅकेटांचा करार झाला. कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने २०२४ मध्ये सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीसाठी हलकं जॅकेट तयार केलं.

डोक्यावर दोन पर्याय. संपूर्ण हेल्मेट, किंवा काश्मीरमध्ये वापरात रुळलेला 'पटका', म्हणजे कपाळाभोवती आणि मागे कडक पट्ट्या आणि वर कापड. पटका रायफलची गोळी समोरून अडवतो, पण डोक्याचा माथा उघडा, वजन अडीच किलोच्या आसपास. गल्लीत समोरून येणाऱ्या गोळीसाठी तो केलाय, वरून पडणाऱ्या छर्र्यांसाठी नाही. १९१६ च्या टोपाच्या अगदी उलटा हिशेब. दोन्ही शेजारी ठेवलेत तर फलकाची गरजच नाही.

इन्सास दाखवणार असाल तर पुतळा १९९९ चा करा. तिचं मॅगझिन आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचं, किती गोळ्या उरल्या ते कळावं म्हणून. कल्पना चांगली होती, पण कारगिलच्या थंडीत ते तडकल्याच्या तक्रारी आल्या. प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होतं, त्यावर हातमोज्याच्या हाताने आपटणं आलंच. थंडीचं दुसरं दुखणं तेलाचं. नेहमीचं वंगण घट्ट होतं आणि बोल्ट सुस्त चालतो, म्हणून उंचावर हत्याराला तेल अगदी पुसटसं. ओठ किंवा उघडं बोट नळीला लागलं तर कातडं चिकटून निघतं.

कपड्यांबाबत सावध राहा. जानेवारी २०२२ ला आलेल्या डिजिटल ठिपक्यांच्या गणवेशाचे हक्क लष्कराने नोंदवलेत. तसं कापड बाजारात कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. साधं ऑलिव्ह हिरवं कापड घ्या आणि फलकावर 'प्रातिनिधिक' लिहा.

---

कारागीर_कोपरी

बनवायचं कसं ते थोडक्यात.

ढाल: जांभळी नाक्यावर २०-२२ इंची उथळ परात घ्या. पालथी घालून तेल लावा, वर वर्तमानपत्राचे १० ते १२ थर, फेव्हिकॉल निम्मं पाणी घालून. दर चार थरांनंतर पूर्ण वाळू द्या. भाद्रपदातल्या हवेत एका दिवसात वाळत नाही, पंखा लावून दोन दिवस धरा. घाई केली की मधले थर ओले राहतात, बुरशी येते आणि ढाल मऊ पडून पापडासारखी वाकते. शेवटी मागेपुढे रेझिनचा एक हात, मग काळा-तपकिरी रंग.

तोडा: कपडे वाळत घालायची सुती दोरी, नायलॉनची नको. चहाच्या पाण्यात बुडवून रंगवा, टोकाला लाल रंग. पेटवायची नाही.

पुतळ्याचे खांदे: फायबरच्या खांद्यावर पट्टे घसरतात. आतून अर्ध्या इंचाचा जीआय पाइप टी आकारात घाला, पायथ्याला ३ फुटी प्लायवर बोल्ट. पुढे पाउच आणि मागे पिशवी नसेल तर पुतळा एका बाजूला कलतो.

वजनाच्या पिशव्या: कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या थोडी वर भरते. जाड कॅनव्हासची दुहेरी पिशवी, आत प्लॅस्टिकची. एकेरी असली की दुसऱ्या दिवशी मंडपभर वाळू. प्रत्येक पुतळ्यापुढे अडीच किलोची एक, गोळ्यांची. त्यावर फक्त काडतुसांचा आकडा लिहा: ६०, १००, २००. लहान मुलांसाठी पाच किलोच्या वर काहीच नको. मोठ्यांसाठी दहा किलोच्या दोन सारख्या पिशव्या करा. एकीला फक्त खांद्याचे पट्टे, दुसरीला जोडीला रुंद कंबरपट्टा. आधी एक, मग दुसरी घालून मंडपाला एकेक फेरी मारायला सांगा.

---

कळवा_सार्वजनिक

सगळं उतरवून घेतलंय. परात, दोरी आणि वाळू उद्याच आणतो. १७३७ वाल्याचं चिलखत रद्द, पाचव्याची पाटी वर. एकच राहिलं. पट्टीची गाठ कुठल्या बाजूला?

---

खाकी_आणि_पट्टी

बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली चार बोटं. आतल्या बाजूला आली तर चालताना दोन गाठी एकमेकींत अडकतात. लोकरी पट्टी मिळाली नाही तर जुनी खाकी घोंगडी चार-चार इंचांत फाडा, कापू नका. फाडलेली कड पायाला धरून बसते.